शेंदराखालची फटफटी

खडकवाडी, ता. रेणापूर
६ फेब्रुवारी २०२४

दयानंदा,

तू संक्रांतीच्या आठवड्यात येऊन गेलास, तेव्हापासून हे पत्र लिहायचं म्हणतोय. तू म्हणालास मोबाईलवर बोलू. पण मोबाईलवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही आणि माझं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं. ही गोष्ट गल्लीने ऐकावी अशी नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, ती पण निम्मी गुरांमागे. चुकलंमाकलं सांभाळून घे.

एवढा बाप्या झाल्यावर तू पहिल्यांदा बापाच्या गावात आलास. चहा अर्धा ठेवून म्हणालास, "काका, ती गाडी मला न्यायची आहे." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला गाडीचा लोभ सुटत नाही. तसं नाही. मला त्या गाडीची भीती वाटते.

तू बघितलंसच, खदानीच्या उताराच्या तोंडाशी, जिथून वाट खाली मोठ्या रस्त्याला जाते, लिंबाखाली. वर्षानुवर्षं शेंदूर थापून थापून तिची टाकी कुठली आणि इंजिन कुठलं हे कळत नाही. गावाला ती आता गाडी वाटतच नाही. कुणी नवा ट्रॅक्टर आणला की आधी तिथं नारळ फुटतो. पोरगं पुण्याला कंपनीत निघालं की आई तिथला शेंदूर बोटावर घेऊन त्याच्या कपाळाला लावते. गाडीवाला सिद्धोबा म्हणतात. सिद्धोबा म्हणजे तुझा बाप, माझा धाकटा भाऊ सिद्धेश्वर.

आणि दुसरी गोष्ट. तुझ्या आईने तुला सांगितली का नाही, मला माहीत नाही. शहाऐंशी साली सिद्धू खदानीत पडला, तेव्हा तारामती भांडून उमरीला माहेरी गेली होती. तू पोटात होतास. गाव म्हणालं, बायको निघून गेली म्हणून त्याने मुद्दाम गाडी खदानीत घातली. ती दहाव्याला आली तर बायकांनी तिला तोंडावर बोलून दाखवलं. त्यात पुढे होती ती रुक्मिणबाई. तारामती त्या दिवशी गेली ती पुन्हा या शिवारात आली नाही.

आता तू ती गाडी उचलशील. लोक म्हणतील, का नेली? मग जुनं सगळं निघेल आणि तोच बोल तुझ्या आईच्या अंगावर दुसऱ्यांदा पडेल. मला झोप नाही. तुझी काकू असती तर म्हणाली असती, तुम्हाला झोप कधी होती?

उत्तर लिही. पाकिटावर माझं नाव मोठं लिही, पोस्टमन नवा आहे.

लक्ष्मण काका


नांदेड
१५ फेब्रुवारी २०२४

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळेचं म्हणाल तर अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

ती गोष्ट मला माहीत आहे. आईने नाही सांगितली. मी दहावीत असताना मामी एकदा रागाच्या भरात बोलून गेली. आईला मी कधी विचारलं नाही आणि ती त्यावर कधी बोलली नाही. पण माझं शेड घराला लागून आहे आणि आई आजवर त्यात आलेली नाही. चहा आणते, दारातूनच कप आत सरकवते आणि मागे फिरते. तुमची सूनबाई गीतांजली येते, हातात पाना घेऊन बसते सुद्धा. आई नाही.

मी काय करतो ते त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. दिवसा गॅरेज चालवतो. त्यातून वेळ काढून जुन्या गाड्या जमवतो, सगळ्या नाही, फक्त रस्ता सोडून चालणाऱ्या. चिखलात, माळावर, दगडधोंड्यांतून जाव्यात म्हणून कुणीतरी हाताने बदल करून घेतलेल्या. उंच सायलेन्सर, रुंद हँडल, खडबडीत टायर. अशा चार गाड्या आहेत माझ्याकडे. एक लष्कराच्या लिलावातली, एक माहूरच्या जंगलात वनखात्याच्या राउंडला फिरायची. मी त्यांना नवं करत नाही. ज्याने वापरली त्याच्या हातात होती तशी ठेवतो आणि ती चालू करतो. रंग उडाला असेल तर उडालेलाच.

बाबांचा आमच्याकडे एकच फोटो आहे, हैदराबादच्या धुळीच्या शर्यतीतला. तोंडावर गॉगल आहे आणि वर धूळ. नाक कुणाचं, डोळे कुणाचे, काही कळत नाही. त्यांच्या हातची वस्तू म्हणाल तर जगात ही एकच येझदी आहे. म्हणून मागितली.

तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

दयानंद


खडकवाडी
३ मार्च २०२४

दयानंदा,

मी पारावर विषय काढला. काढायच्या आधी दोन वेळा घरी परत आलो. लिंबाखाली रोज दिवा लावतो तो हणमंतराव. तो ऐकून घेतो का नाही याचीच धास्ती होती.

तो म्हणाला, "लक्ष्मणराव, देव कुणी दुरुस्तीला नेतं का?"

तिथं ट्रॅक्टरवाला बसवंत बसला होता. तो म्हणाला, "का? गेल्या साली मारुतीची खोळ सुटली तवा तुम्हीच पोत्यात भरून नेली ना?"

तुला शहरात माहीत नसेल. शेंदराचे थर फार झाले की देव कधीतरी आपोआप खोळ सोडतो. सगळं कवच निघतं आणि आतली मूळ मूर्ती दिसते. ती खोळ फेकत नाहीत, गंगेत म्हणजे गोदावरीत सोडतात. हणमंतरावाने तंबाखू मळली. मग म्हणाला, "तुझ्या पुतण्याला सांग, खोळ हातानं काढ, हातोड्यानं न्हाई. ती गंगेत सोड. नांदेडला गंगा दारातच हाय. आन् दसऱ्याला सिद्धोबा इथं परत पाहिजे." त्याने एवढं कबूल केलं याचं मला नवल वाटलं. सिद्धूचा पोरगा मागतोय म्हटल्यावर तोही विरघळला असेल.

पण दयानंदा, गाडी तुझ्याबरोबर येईल का? मी हे तुला सांगितलं नव्हतं.

सिद्धू पडला त्या दिवशी त्याला वर आणलं, दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी काढायला गेलो. ती खदानीच्या मधल्या टप्प्यावर अडकली होती. कासरे बांधून बैलांनी वर ओढली. उताराच्या तोंडाशी उभी केली आणि घरी न्यायला लागलो. पुढचं चाक फिरत होतं, मागचं फिरेना. साखळी धड होती, चाक धड होतं. ढकललं, बैल जुंपले, तरी मागचं चाक मुरमात नांगराच्या फाळासारखी रेघ ओढत आलं. लिंबापर्यंत आलो आणि बैल थांबले. हणमंतरावाचा बाप तेव्हा होता. तो म्हणाला, "अरे, सिद्धू यायला न्हाई म्हणायलाय. त्याला हितंच राहू द्या." गावात दुसरी फटफटी नव्हती. फटफटीतलं कुणाला काही कळत नव्हतं. जो कळणारा होता तोच गेला होता. आम्ही ती लिंबाला टेकवली. तेराव्याच्या दिवशी कुणीतरी पहिला शेंदूर लावला.

तेव्हापासून ती हललेली नाही. म्हणून म्हणतो, टेम्पो आणशील तेव्हा जपून आण.

काका


खडकवाडी
२ एप्रिल २०२४

दयानंदा,

टेम्पो जाऊन आठवडा झाला. पोचल्याचं पत्र नाही. मोबाईल लावला, तू काहीतरी बोललास, मला नुसती शिट्टी ऐकू आली.

त्या दिवशी तू गडबडीत होतास, मी काही बोललो नाही. पण तू बघितलंस ना? तुम्ही चौघं ढकलत होता तरी मागचं चाक फिरलं नाही. तुम्ही उचलून टेम्पोत घातली तेव्हा मागं जमिनीवर तशीच रेघ राहिली. मी ती रेघ ओळखली. रुक्मिणबाई हात जोडून उभी होती, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजूनबी न्हाई म्हणायलाय."

लिंबाखाली आता नुसता लाल डाग आहे. हणमंतराव त्या डागापुढे दिवा लावतो. मी तिकडून जायचं टाळतो. तुझं, गीतांजलीचं, कुणाचं काही दुखलंखुपलं तर लगेच कळव. लपवू नको.

काका


नांदेड
२१ एप्रिल २०२४

काका,

उशीर झाला, माफ करा. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. गाडीही नीट पोचली.

खोळ काढायलाच एवढे दिवस लागले. हणमंतरावांना सांगा, हातोडा लावला नाही. गरम पाण्याचं फडकं ठेवायचं, लाकडी कालथ्याने कड सोडवायची, मग पापुद्रा निघतो. वर कोरडा, खाली तेलाने अजून ओलसर. सगळे तुकडे नव्या कापडात ठेवत गेलो. गंगेवर जायच्या सकाळी आई बाहेर आली, गीतांजलीच्या हातात एक नारळ दिला आणि आत गेली. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. शेंदराचा वास घरभर होता, तिला कळलंच असणार. तुकडे आणि नारळ आम्ही घाटावर सोडले.

आता नवल ऐका. त्या तेलशेंदराने गाडी राखली आहे. उघड्यावर पडली असती तर आजवर तिचा भुगा झाला असता. टाकीवर बाबांनी ब्रशने मारलेला पिवळा रंग आहे, ब्रशचे केस सुद्धा त्यात चिकटलेत. सायलेन्सर वरून वळवलाय, त्याचं वेल्डिंग ओबडधोबड पण पक्कं आहे. उजवीकडचं हँडलचं टोक आणि उजवा पायदान वाकलेत. म्हणजे पडली ती उजव्या अंगावर. डावी बाजू जशीच्या तशी.

एक गोष्ट मात्र मला खटकते. डाव्या बाजूला मागच्या चाकावर साडीची जाळी आहे. बाईमाणूस मागे बसलं की पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती. आणि मागे बसणाऱ्याचे पायदानही आहेत. शर्यतीची गाडी हलकी करताना माणूस सगळ्यात आधी हेच काढतो. फोटोतल्या गाडीलाही ती नाही. नंतर गावात कुणी बसवली का? पण ती सगळ्यात खालच्या थराखाली होती. मूळची नसेल तर मला ती काढावी लागेल.

मागचं चाक अजून फिरत नाही. घाबरू नका, इंजिन गंजून धरलं असणार. तेल सोडून ठेवलंय.

दयानंद


खडकवाडी
१ मे २०२४

दयानंदा,

जाळी काढू नको.

तुझं पत्र वाचून मी गोठ्यात गेलो. तिथल्या भिंतीला एक खिळा आहे. सिद्धूने गाडी शर्यतीसाठी मोकळी केली तेव्हा ती जाळी आणि ते पायदान त्या खिळ्याला टांगले होते. पुढे कधीतरी लक्षात आलं की खिळा रिकामा आहे. मी समजलो, भंगारवाल्याने उचललं. त्या वर्षी कोण कशाकडे बघत होतं? गाडी वर काढली तेव्हा ती चिखलाने माखली होती, माझे डोळे पण ठिकाणावर नव्हते. मग शेंदूर आला. गावात कुणी बसवली म्हणतोस, तर ती बसवायला लागणारे पाने गावात एकट्या सिद्धूकडे होते.

आता तुला भांडणाचं कारण सांगतो. हे मी कुणापाशी बोललेलो नाही. त्यांचं भांडण त्या जाळीवरूनच झालं होतं. तारामतीला दिवस गेले होते, तिला रेणापूरला दवाखान्यात न्यायचं होतं. सिद्धूची शर्यत तोंडावर आलेली. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात नेतो. ती म्हणाली, "तुमच्या गाडीवर मला जागा हाय कुठं? माझी जागा तर तुम्ही खिळ्याला टांगली." आणि ती एसटीने उमरीला गेली. मी ओट्यावर होतो, मला सगळं ऐकू आलं. तेव्हा माझे कान चांगले होते.

मग त्याने ती जाळी परत कधी लावली? आणि कशासाठी? माझ्या मनात जे येतंय ते लिहायला हात धजत नाही. तारामतीला यातलं काही सांगू नको. ज्याचा उलगडा नक्की नाही ते तिच्यापुढे नेऊ नको. एकदा नाही तसली आशा लावून ती मोडली तर या वयात तिला झेपायचं नाही. मलाही नाही.

काका


नांदेड
९ जून २०२४

काका,

हे पत्र बसून वाचा.

इंजिन सुटलं. गंजलं होतं, पण अगदी थोडं. पिस्टन वरखाली झाला तेव्हा मला वाटलं, आता चाक फिरेल. नाही फिरलं. म्हणजे फिरलं, पण फार जड, आणि चाक जरासं हललं की आतलं इंजिनचं चक्र भराभर फिरायचं. मी हात थांबवला. गीतांजली म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "ही कुठे अडकलेलीच नाही. ही गिअरमध्ये आहे."

गाडी गिअरमध्ये असली की मागचं चाक इंजिनला बांधलेलं असतं. पहिल्या गिअरमध्ये सगळ्यात घट्ट. बंद गाडी पहिल्यात ठेवून ढकला, मागचं चाक घासत जाईल पण फिरणार नाही. चाकाच्या एका फेऱ्यामागे चक्राचे किती फेरे होतात ते तीन तीनदा मोजून पाहिलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे, काका. त्या दिवसापासून तशीच आहे. गिअरच्या दांड्यावर सगळ्यात खालचा शेंदराचा थर अखंड होता. तो दांडा नंतर कुणी हलवलेला नाही.

पडताना धक्क्याने गिअर पडला असेल का, हा विचार मी आठवडाभर केला. गिअरचा दांडा डावीकडे असतो. गाडी पडली उजवीकडे. डाव्या दांड्याला ओरखडा सुद्धा नाही. गिअर पायानेच टाकलेला आहे.

येझदी घेऊन उताराला लागलेला माणूस पहिल्यात कधी येतो सांगू? गाडी धावू नये, इंजिनने तिला मागे ओढून धरावं, पावलापावलाने उतरावं, म्हणून. ज्याला खदानीत जायचं असतं तो चौथ्यात जातो, नाहीतर न्यूट्रल करून सोडून देतो. पडले का, ते गाडी सांगत नाही. कडेचा मुरूम सुटला असेल, दगड आला असेल. पण पडू नये म्हणून त्यांनी काय केलं, ते तिने धरून ठेवलंय.

जाळी लावून, हळू उतरत, ते मोठ्या रस्त्याकडे निघाले होते. मोठा रस्ता उमरीकडे जातो.

आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाला होतात, नक्की असल्याशिवाय नको. माझ्या हिशोबाने आता नक्की आहे. पण आधी तुम्ही सांगा.

दयानंद


खडकवाडी
१९ जून २०२४

दयानंदा,

बसून वाच म्हणालास, बरं केलंस.

मला यंत्रातलं कळत नाही, म्हणून मी बसवंताकडे गेलो. त्याला तुझं पत्र दाखवलं नाही. नुसतं विचारलं, "बसवंता, खदानीच्या उतारानं ट्रॅक्टर उतरवताना पहिल्या गिअरात कोण घालतं?"

तो नांगराला ग्रीस लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ज्याला घरी जायचं असतंय त्यो."

मी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं. त्याने ग्रीसचा डबा खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं. त्याने ट्रॅक्टर बंद केला, पहिल्यात टाकला, आणि त्याचा गडी, तो आणि मी, तिघांनी मागून जोर लावला. जागचा हलला नाही. मग त्याने गिअर काढला आणि एकट्याने ढकलला, तर तो गेला.

दयानंदा, मी त्या वेळी बैलांच्या पुढे होतो. मागे वळून वळून ती रेघ बघत होतो. आम्हाला वाटलं, तो यायला नाही म्हणतोय. आणि तो तर जपून जपून निघाला होता. एवढी साधी गोष्ट, आम्हाला कळली नाही म्हणून आम्ही त्याचा देव केला, आणि तारामतीला पापी केलं.

मी लिंबाखाली गेलो. सांजवातीची वेळ होती, दिवा लावायला पाच-सहा जण येतात. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. बसवंत जवळ उभा राहिला म्हणून बोललो. जाळीचं सांगितलं, गिअरचं सांगितलं, चाकाचं सांगितलं.

हणमंतराव म्हणाला, "म्हणजे सिद्धोबा न्हाई म्हणतच नव्हता?"

बसवंत म्हणाला, "तो हाव म्हणत होता मालक, उमरीला जायला. तुम्हीच बैल उलट्या बाजूला जुंपले."

कुणी हसलं नाही. हणमंतरावाने दिवा लावला, पण रोजच्यासारखी आरती म्हटली नाही. वात सारखी करत म्हणाला, "मंग आता नारळ कुठं फोडायचा?" त्याचा बाप आणि तो, दोघांची हयात त्या दिव्यात गेली आहे. त्याचंही काहीतरी गेलंच की.

रुक्मिणबाई सगळं ऐकत होती. काठी टेकत घरी गेली.

आता तारामतीला सांग. सगळं सांग, नीट, सावकाश. आणि एक कर. तो गिअर तू काढू नको. सिद्धूच्या पायाचं तेवढं एकच काम जगात उरलंय. काढायचा का नाही, हे तिला ठरवू दे.

काका


नांदेड
२८ जुलै २०२४

दादांना तारामतीचा नमस्कार.

मी सातवी शिकले आहे, पण पत्र लिहायची वेळ फार आली नाही. तुम्हाला तर कधीच लिहिलं नाही.

दयानंदने मला आषाढातल्या एका रविवारी सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेले. दोन-तीन दिवस मला काही सुचलं नाही. गीतांजलीने विचारलं, आई, बरं वाटलं का? मी तिला म्हणाले, मला राग आलाय. मला खरंच राग आला होता. ते यायला निघाले होते, आणि हे मला कुणी सांगितलं नाही. पण कुणाला माहीतच नव्हतं तर कोण सांगणार, हे नंतर कळलं.

गावाने बोल लावला, तो मी गावाचा म्हणून सोडला असता. पण मलाही तेच वाटत होतं, दादा. मी असं बोलायला नको होतं, असं वाटत होतं. म्हणून मी गावाला कधी उलटून बोलले नाही.

मग एक दिवस मी शेडमध्ये गेले. उंबऱ्यापाशी थोडी थांबले. गाडी मला लहान वाटली. मी आधी जाळी पाहिली. एका बाजूला तिचा बोल्ट मिळाला नसेल, तिथे त्यांनी तारेने बांधलेली होती. चार पिळे देऊन टोक आत वळवलेलं, कुणाच्या साडीला लागू नये म्हणून. दयानंद म्हणत होता तिथे नवा बोल्ट बसवतो. मी नको म्हटलं.

तो म्हणाला, "आई, हा गिअर बाबांनी टाकलेला आहे. मी काढणार नाही. तू म्हणशील तर असाच ठेवू, पण मग गाडी चालणार नाही."

मी म्हटलं, "ते चालवायलाच निघाले होते ना?"

पाय लावायला मन होईना. खाली बसले आणि हाताने दांडा वर उचलला. टक् असा आवाज आला. बारीकच. मग मी मागच्या चाकाला हात लावला आणि ते फिरलं. फिरत राहिलं. दयानंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता, मी त्याला हाक मारली नाही. चाक आपोआप थांबेपर्यंत आम्ही तसेच होतो.

गाडी आता चालू झाली आहे. आवाज तोच आहे. गल्लीतली कुत्री तशीच भुंकतात.

दसऱ्याला गाडी परत पाहिजे असं हणमंतरावांचं म्हणणं आहे, असं दयानंद सांगतो. मी पण येईन. मी त्या घरातून एसटीने गेले होते. परत एसटीने येणार नाही.

तारामती


खडकवाडी
४ ऑक्टोबर २०२४

तारामतीस आणि दयानंदास,

दसरा आठ दिवसांवर आला म्हणून घाईने लिहितो.

नांदेडपासून गाडीवर येऊ नका. एवढा लांबचा रस्ता, ट्रका फार, आणि तारामतीचं वय काही विशीचं नाही. गाडी टेम्पोत घाला, तुम्ही पुढे बसा, रेणापूरला उतरा. तिथून गाडीवर या. टायर तपासून घे. ब्रेक दोनदा तपास. तारामतीला म्हणावं, पदर खोचून बस.

इकडचं सांगतो. लिंबाखाली कुणी सारवलं, विचार. रुक्मिणबाईने. तिला आता वाकता येत नाही, बसल्या बसल्या सरकत सरकत तिने सगळी जागा शेणाने सारवली. मी म्हटलं, सुनेला सांगायचं ना. तर म्हणाली, "हे माझंच हाय, मलाच करू दे." तारामती, तू तिच्याशी बोलायलाच पाहिजे असं काही नाही. ते तुझं तू बघ. मी नुसतं सांगितलं.

हणमंतरावाचंही ठरलं. शेंदूर लावणार नाही म्हणतो. हळदीकुंकवाचं एक बोट, आपट्याचं पान, आणि संध्याकाळी गाडी दयानंदाने घेऊन जायची. पुढच्या दसऱ्याला पुन्हा आणायची. तो म्हणाला, "आमचा देव आता वर्षातून एकदा गावाला यायचा. पालखी असती तशी." बसवंत म्हणाला, "पालखीला भोई लागतेत, ह्याला पेट्रोल." हणमंतराव पण हसला. लई दिवसांनी हसला.

गोठ्यातला तो खिळा मी काढला नाही. आता त्याला काही टांगायचं नाही, एवढंच.

दयानंदा, गावात येताना मोठ्या रस्त्यानेच वळसा घालून ये. येताना-जाताना खदानीच्या उताराकडे फिरकू नको. हे मी तुला ठामपणे लिहिणार होतो. पण संध्याकाळी परत निघताना तुझी आई त्या उतारानेच जायचं म्हणेल, हे मला माहीत आहे. सिद्धू जिथून निघाला होता तिथून खाली जायचं म्हणेल. मग मी नको म्हणणारा कोण? कडेचा मुरूम मी आणि बसवंताने ठोकून घेतलाय, सुटे दगड वेचून टाकलेत. तरी भरवसा नको.

उतार लागायच्या आधीच पहिला टाक. मध्येच नको, आधीच. घाई करू नको, मागे आई आहे.

मी उताराच्या खाली उभा असेन.

लक्ष्मण